गव्हाचं जहाज: रिकाम्या होल्डपासून चितगावपर्यंत

विचारणारा तरुण रत्नागिरीकडचा आहे, पाच होल्डांच्या (माल भरायच्या कप्प्यांच्या) सुप्रामॅक्स, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या मध्यम आकाराच्या जहाजावर नुकताच चीफ ऑफिसर (कप्तानाखालचा पहिला अधिकारी) झालेला. तुर्कस्तानात इस्केंदरूनला कोळसा उतरवून जानेवारीत रुमानियातल्या कॉन्स्टान्झाला जायचं, तिथे सुटा गहू भरायचा आणि चितगावला न्यायचा. कोळसा, खनिज, क्लिंकर हे सगळं त्याने केलंय, धान्य मात्र पहिल्यांदाच. त्याचा प्रश्न: "ग्रेन स्टॅबिलिटीचं (धान्य सरकलं तरी जहाज उलटू नये याचं) गणित कॉम्प्युटर करून देतो, मग माझ्या डोक्याला काळजी नेमकी कशाची हवी?"

माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून अरे-तुरे करतो. बल्क कॅरियरवर माझी 28 वर्षं गेली, त्यात धान्याच्या फेऱ्या भरपूर झाल्या. एक गोष्ट आधी मनात पक्की कर. गव्हाचा प्रवास बराचसा धक्का सोडण्याआधीच ठरलेला असतो. कोळसा तापला तर वाटेत त्याच्यावर लक्ष ठेवून काहीतरी करता येतं. गव्हाचे होल्ड एकदा बंद झाले, वर किडे मारायचा गॅस सोडला, की तुला आत डोकावतासुद्धा येत नाही. म्हणून तुझं खरं काम इस्केंदरूनहून निघालास त्या तासाला सुरू होतं. समुद्रात उरतो तो मुख्यतः माणसं जपण्याचा भाग.

आधी होल्ड. कोळशानंतर गहू म्हणजे चीफ ऑफिसरची सर्वात कठीण सफाई, आणि तुझ्या हातात जेमतेम तीन दिवस. होल्ड 'ग्रेन क्लीन' हवा, म्हणजे जुन्या मालाचा कण नको, सुटलेला गंज नको, फुगलेला रंग नको, वास नको, किडा नको आणि ओल नको. सर्व्हेयर पांढरा हातमोजा घालून फ्रेमच्या मागे हात फिरवतो, हे खरं आहे. कोळशाची भुकटी टँकटॉपवर (होल्डच्या तळावर) फारशी राहत नाही. ती राहते वरच्या बाजूला: वरच्या कोपऱ्यांतल्या टॉपसाइड टँकच्या उतारावर, फ्रेमच्या कंसांवर, शिडीच्या पायऱ्यांखाली, हॅच कोमिंगच्या (होल्डच्या तोंडाभोवतीच्या उभ्या चौकटीच्या) आतल्या कडेला, पाइपांच्या संरक्षक पत्र्यामागे. खालून धुवायला घेतलंस तर दुसऱ्या दिवशी तीच काळी धार वरून खाली येते. वरून धुवत ये, अल्कलीवालं केमिकल फवार, ते सुकायच्या आत उच्च दाबाच्या पाण्याने उतरव, आणि शेवटचा हात गोड्या पाण्याचा मार.

गोड्या पाण्यात कंजुषी करू नकोस. तुला वाटेल, समुद्राच्या पाण्याने धुतलं, वाळलं, दिसायला स्वच्छ आहे, झालं. पण भिंतीवर मिठाचा पातळ थर राहतो. पुढे वाटेत भिंतीला घाम सुटला आणि तो थर घेऊन गव्हात उतरला, तर उतरवण्याच्या बंदरात सर्व्हेयर भिजलेल्या दाण्यांवर सिल्व्हर नायट्रेट टाकतो. पांढरं धुकट झालं की त्याचा अर्थ 'समुद्राचं पाणी'. हॅच कव्हर (होल्डचं झाकण) गळलं नसतानाही ते गळलं असं कागदावर येतं, आणि तेव्हा तू काय सांगणार? ती चाचणी भरण्याआधी तूच स्वतः भिंतीवर करून बघ. बाटली छोटीशी असते, खर्च काही नाही.

धुतलेल्या पाण्याचं काय करायचं हे निघण्याआधी ठरव. भूमध्य समुद्र मार्पोल या सागरी प्रदूषणविरोधी कराराच्या पाचव्या परिशिष्टाखाली विशेष क्षेत्र आहे. तिथे होल्ड धुतल्याचं पाणी मनाला येईल तिथे सोडता येत नाही. कप्तानाशी आणि कंपनीशी आधी बोल, पाणी साठवायला कुठली टाकी मोकळी ठेवता येते ते पाहा, एजंटकडून बंदरात सोय आहे का ते लेखी घे. हे रात्री तीन वाजता पंप चालू असताना सुचणं उपयोगाचं नाही.

मग बिल्ज, म्हणजे होल्डच्या तळाशी पाणी जमायची जागा. दोन्ही बाजूंच्या विहिरी हाताने उपसून, पुसून, कोरड्या. आत कोळशाचा गाळ राहिला की त्याला वास येतो आणि तो वास गव्हाला लागतो. सक्शन चालतं का, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह खरंच उलटं पाणी अडवतो का, अलार्म वाजतो का, तिन्ही बघून मगच झाकण लाव आणि वर दुहेरी गोणपाट घट्ट बसव. पाणी आत झिरपलं पाहिजे, दाणा नको. खराब हवामानात ज्या होल्डमध्ये बॅलास्ट (जहाज स्थिर ठेवायला समुद्राचं पाणी) घेता त्याची पाइपलाइन ब्लँक (पत्रा लावून बंद) केली का, हे स्वतः डोळ्यांनी बघ. दुसऱ्याच्या सांगण्यावर त्या चौकोनात टिक करू नकोस. गव्हाने भरलेल्या होल्डमध्ये चुकून बॅलास्ट गेलेली जहाजं झाली आहेत, आणि तिथे झालेली चूक कुठलाही विमा त्या अधिकाऱ्याच्या मनावरून पुसत नाही.

जानेवारीत तिकडे थंडी असते. थंड हवेत होल्ड वाळत नाही, हे कोकणातल्या माणसाच्या लक्षात यायला वेळ लागतो. पंखे रात्रभर चालवूनही टँकटॉप ओलाच. शेवटी फडकी, मॉप आणि माणसं हाच उपाय. खलाशांना आधीच विश्रांती देऊन ठेव, कारण तिसऱ्या दिवशी थकलेला माणूस कोमिंगवरून पडतो.

हॅच कव्हरवर मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे. माझ्या पाहण्यात गव्हाचं जे नुकसान झालं, त्यातलं बहुतेक इथूनच झालं. मी सेकंड ऑफिसर असताना एका फेरीत चौथ्या होल्डमधल्या गव्हाच्या वरच्या थरावर, आडव्या सांध्याच्या बरोबर खाली, एक हिरवट-काळा पट्टा निघाला. रबर नवं होतं. चूक होती ती सांध्याच्या निचऱ्याच्या नाळेत, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या खोबणीत. भरताना उडालेला गहू त्या नाळेत पडला, दव आणि लाटेच्या पाण्याने फुगला आणि त्याने ड्रेन व्हॉल्व्ह बंद केला. पाण्याला बाहेर जायला वाट नाही, मग ते आत गेलं. दोन मूठ गव्हामुळे कित्येक टन माल जनावरांच्या खाद्यात गेला.

म्हणून भरणं संपलं की कव्हर बंद करण्याआधी कोमिंगची कड, कॉम्प्रेशन बार (रबर ज्यावर दाबलं जातं ती पट्टी), आडव्या सांध्याची नाळ हे सगळं झाडून, कॉम्प्रेस्ड एअरने फुंकून काढायचं. बार आणि रबर यांच्यात एक दाणा अडकला तरी तेवढ्या जागी दाब बसत नाही. लोडमास्तर घाई करतो, पायलट आलेला असतो, टग शिट्टी देत असतो. तरीही ती वीस मिनिटं काढायचीच. कव्हरची चाचणी अल्ट्रासॉनिक यंत्राने करून घे. पाण्याच्या नळीची चाचणी गोठणाऱ्या थंडीत निरुपयोगी, पाणी डेकवरच बर्फ होतं. रबर चेपलेलं असेल तर बदल. वरून टेप आणि फोम लावणं हा जास्तीचा आधार आहे, तो मेलेल्या रबराची जागा घेत नाही. आणि पोलाद-पोलादावर टेकतं ते पॅड झिजले असतील, तर सगळा भार रबरावर येऊन नवं रबरही एका फेरीत मरतं. हे फार कमी लोक बघतात.

आता तुझं गणित. कॉम्प्युटर ते करतो, पण त्यात आकडा कोण घालतो? इंटरनॅशनल ग्रेन कोड 1 जानेवारी 1994 पासून सोलास या समुद्रावरच्या सुरक्षेच्या कराराच्या सहाव्या प्रकरणाखाली बंधनकारक आहे. त्याच्या तीन अटी पाठ कर: धान्य सरकल्याने येणारा कल 12 अंशांपेक्षा जास्त नको, आणि 1994 नंतरच्या जहाजाला डेकची कड पाण्यात जाण्याचा कोन त्याहून कमी असेल तर तो कोन हीच मर्यादा; जहाज सरळ करणाऱ्या आणि कलवणाऱ्या जोराच्या दोन वक्रांमधलं उरलेलं क्षेत्र 0.075 मीटर-रेडियनपेक्षा कमी नको. आणि टाक्यांतल्या मोकळ्या पाण्याचा परिणाम वजा करून जीएम (जहाजाच्या स्थिरतेचं माप) 0.30 मीटरच्या खाली नको. जहाजावर डॉक्युमेंट ऑफ ऑथरायझेशन (धान्य नेण्याचा परवाना) आणि मंजूर ग्रेन बुकलेट आहे ना, ते आजच काढून ठेव. बंदरात पहिलं तेच मागतात.

अशा अटी का लागतात, हे समजण्यासाठी 'पामीर' हे जर्मन शिडाचं जहाज आठवावं. 1957 च्या ऑगस्टमध्ये ते ब्वेनोस आयरेसहून बार्ली घेऊन निघालं. साधारण 3,780 टन माल, त्यातला बहुतेक सुटा, वर थोड्या गोण्या. 21 सप्टेंबरला अझोर्सच्या नैऋत्येला ते चक्रीवादळात सापडलं, धान्य एका बाजूला सरकलं, जहाज कललं आणि पुन्हा उभं राहिलंच नाही. 86 जणांपैकी 6 वाचले. गेलेल्यांत शिकाऊ पोरं फार होती. धान्य दिसायला घन, पण ते वाहतं. गव्हाच्या ढिगाचा उतार साधारण 23 ते 28 अंशांवर स्थिर राहतो. जहाज त्याहून जास्त लोळलं, किंवा कमी लोळून हादरे बसले, की तो ढीग पाण्यासारखा पलीकडे जातो. फरक एकच, पाणी परत येतं आणि गहू परत येत नाही.

कोड असं धरून चालतो की भरलेल्या होल्डमध्ये धान्याचा पृष्ठभाग 15 अंशांनी सरकेल आणि अर्धवट भरलेल्यात 25 अंशांनी. अर्धवट होल्डला वर सरकण्याचा परिणाम म्हणून 1.12 ने आणखी गुणावं लागतं. म्हणूनच एक स्लॅक (अर्धवट भरलेला) होल्ड हा भरलेल्या होल्डपेक्षा कित्येक पटींनी धोकादायक. बुकलेटमधल्या वक्रात बघ, होल्ड निम्म्याच्या आसपास भरला असताना जहाज कलवणारा जोर, म्हणजे मोमेंट, सर्वात मोठा असतो. स्लॅक होल्ड शक्यतो एकच ठेव, आणि तो एकतर बराच भरलेला किंवा बराच रिकामा ठेव. फक्त रिकाम्याकडे जाताना शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंट (जहाजाच्या सांगाड्यावरचा ताण) तपासायला विसरू नकोस.

आणि इथे तो आकडा, ज्याने नवे लोक फसतात: स्टोवेज फॅक्टर, म्हणजे एक टन माल किती जागा घेतो. शिपर (माल पाठवणारा) सांगतो, एक टनाला 1.33 घनमीटर. तू 50,000 टनांची योजना करतोस, म्हणजे 66,500 घनमीटर जागा. प्रत्यक्षात गहू जड निघाला, 1.25 चा. आता तेवढ्याच टनांना 62,500 घनमीटर पुरतात. चार हजार घनमीटर जागा रिकामी राहिली, म्हणजे तुझ्या एका होल्डाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. जो होल्ड तू 'भरलेला' धरला होतास तो आता स्लॅक आहे. त्यात घनफळाच्या मोमेंटला स्टोवेज फॅक्टरने भागतात, त्यामुळे फॅक्टर लहान झाला की टनांतला मोमेंट वाढतो. दोन्ही बाजूंनी गाडी उलटीच जाते. म्हणून पहिला होल्ड पूर्ण भरला की ड्राफ्टवरून (जहाज पाण्यात किती बुडालं त्यावरून) त्यात किती टन गेले ते काढ, खरा फॅक्टर शोध आणि सगळं गणित पुन्हा मांड. माल अर्धा बाहेर असतानाच बदल करता येतो. आणि गणित फक्त निघतानाचं करू नकोस. इंधन आणि गोडं पाणी संपत जातं, टाक्या अर्ध्या होतात, म्हणून वाटेतली सर्वात वाईट स्थिती शोधून तीही पास होते का बघ.

कॉन्स्टान्झाची आणखी एक गंमत नव्हे, अडचण आहे. ते 44 अंश 10 मिनिटं उत्तरेला येतं. लोड लाइनच्या (जहाज किती बुडू द्यायचं त्या खुणेच्या) नियमांत काळ्या समुद्राचा 44 अंशांच्या उत्तरेकडचा भाग 1 डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर हिवाळी धरतात. तुझा समर ड्राफ्ट 12.80 मीटर असेल तर विंटर मार्क त्याच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्श्याइतका खाली, म्हणजे सुमारे 27 सेंटीमीटर. टीपीसी (जहाज एक सेंटीमीटर बुडवणारे टन) 58 धरला तर दीड हजार टन. चार्टररने (जहाज भाड्याने घेणाऱ्याने) समर मार्कचं वजन मागितलं असेल तर हे आत्ताच कळव, बंदरात पोहोचून नव्हे. तसंच काळ्या समुद्राचं पाणी कमी खारं, घनता 1.025 नसते. हायड्रोमीटरने स्वतः मोज, मधल्या खोलीचं पाणी काढून, नाहीतर ड्राफ्ट सर्व्हेत तुझा आणि किनाऱ्याच्या वजनकाट्याचा आकडा कधीच जुळायचा नाही.

भरताना पावसाच्या किंवा बर्फाच्या थेंबाला कव्हर बंद, इथे कुणाचं ऐकू नकोस. प्रत्येक होल्डमधल्या मालाचं तापमान दर पाळीला मोजून लिहून ठेव. ओलाव्याचा दाखला माग. 13 टक्क्यांच्या आत असेल तर निवांत राहा. 14 च्या वर जात असेल तर कप्तानाला उठव आणि पी अँड आय क्लबचा (जहाजमालकांच्या विमा संस्थेचा) सर्व्हेयर बोलाव, कारण तिथून पुढे दाण्यांमधल्या हवेची आर्द्रता बुरशीला पोषक होते. माझी आजी वर्षाचा गहू घेताना चार दाणे दाताखाली धरायची. कट्ट आवाज आला तरच पोतं घरात. मग तो उन्हात वाळवून, एरंडेल चोळून कणगीत जायचा. तिला जे ठाऊक होतं तेच इथे 50,000 टनांना लागू आहे. ओला दाणा श्वास जोरात घेतो, श्वासाने तापतो, तापला की किडा आणि बुरशी दोन्ही येतात.

होल्डखालच्या इंधनाच्या टाक्या विसरू नकोस. इंजिनवाले थंडीत तेल पातळ राहावं म्हणून वाफ सोडतात. टँकटॉपला लागून असलेला गहू भाजतो, तपकिरी होऊन त्याची ढेपळं बनतात. चीफ इंजिनिअरबरोबर बसून कुठली टाकी कधी वापरायची ते ठरव. उपसण्यापुरतीच, तीही शेवटच्या क्षणी तापवायची आणि रोजचं तापमान लॉगमध्ये लिहायचं.

व्हेंटिलेशनबद्दल नव्या माणसाचा हात उलटा वळतो. जानेवारीचा तुझा गहू पाच-सात अंशांचा असेल. सुएझनंतर बाहेरची हवा गरम आणि दमट. वेळेचा किंवा सुरक्षेचा विचार करून केप ऑफ गुड होपला वळसा घातलात तरी विषुववृत्त दोनदा ओलांडायचं आहेच. हवा मोकळी करावी असं वाटतं, पण ती दमट हवा थंड गव्हावर बसली की फ्रिजमधून काढलेल्या तांब्यासारखं पाणी सुटतं. थंडीतून उष्णतेकडे जाताना व्हेंट बंद. नियम सोपा आहे: बाहेरची हवा मालाच्या तापमानापेक्षा किमान 3 अंशांनी थंड असेल तरच व्हेंट उघडायचा. उलट, कांडल्याला एप्रिल-मेमध्ये भरलेला पस्तीस अंशांचा गहू थंड समुद्राकडे नेला तर हॅचच्या पोलादाला आतून घाम येतो आणि तिथे हवा खेळती ठेवावी लागते. तसाही व्हेंटिलेशनने फक्त वरच्या पोकळीतली हवा बदलते. ढिगाच्या पोटातलं तापमान आठवडेच्या आठवडे जसंच्या तसं राहतं. गॅस चालू असताना तर व्हेंट उघडायचाच नाही, कारण काहीही असो. का उघडला नाही, ते मात्र दर पाळीला लिहायचं.

आता गॅस. मालाचं नुकसान पैशाने भरून निघतं, इथे माणूस जातो. कॉन्स्टान्झाला भरणं झाल्यावर फ्युमिगेटर (धुरी देणारे) ॲल्युमिनियम फॉस्फाइड टाकतील. आपल्याकडे धान्याच्या कोठीत ठेवायच्या गोळ्या मिळतात, त्यातलंच विष. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन सुटतो. 3 ग्रॅमच्या एका गोळीतून 1 ग्रॅम. लसणीसारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो असं सांगतात, पण वासावर अजिबात विसंबू नकोस. त्याला उतारा औषध नाही, हे सगळ्या क्रूला मराठी, हिंदी, त्यांच्या ज्या भाषा असतील त्यात सांग.

तुझ्या फेरीची खास गोष्ट अशी की गहू थंड आहे. थंडीत गोळ्या हळू सुटतात, 5 अंशांच्या खाली तर धुरी देऊच नये. मग तीन-चार दिवस मीटरवर काही दिसत नाही, क्रू सैल होतो आणि तांबड्या समुद्रात उष्णता लागताच गॅस जोरात तयार होऊ लागतो. म्हणून सुरुवातीच्या शून्याला भुलू नकोस. आयएमओ या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या 2008 च्या एमएससी 1264 या परिपत्रकाप्रमाणे प्रवासभर किमान दर आठ तासांनी राहत्या जागेत, इंजिनरूममध्ये, पुढच्या टोकाच्या फोरपीक स्टोअरमध्ये, जिथे माणूस जातो त्या प्रत्येक ठिकाणी वाचन घ्यायचं. किमान दोन प्रशिक्षित माणसं, त्यात एक अधिकारी. श्वसनाचे चार संच, गॅसचा मीटर आणि त्याच्या पुरेशा नळ्या जहाजावर हव्यात. निघण्यापूर्वी फ्युमिगेटरबरोबर तू स्वतः फिर: बिल्जच्या लाइनी, केबल जाणारे पाइप, डक्ट कील (तळातला पाइपांचा बोगदा), मास्ट हाउस, क्रेनच्या पायथ्याची दारं. गॅस भिंतीतून जात नाही, विसरलेल्या भोकातून जातो.

एका जहाजावर मी चीफ ऑफिसर होतो. निघाल्यानंतर सहाव्या दिवशी सकाळी फिटर आणि कुक, दोघांना उलट्या. आदल्या रात्री मासे होते, सगळ्यांनी तेच कारण धरलं. मीही धरलं, ते आजही सलतं. दुपारी तिसरा माणूस छातीत दाटल्याचं म्हणाला तेव्हा मीटर घेऊन खालच्या मजल्यावर गेलो. पुढच्या स्टोअरमधून येणाऱ्या केबलच्या जुन्या पाइपातला सीलंट वाळून गळून पडला होता. तिघे वाचले. तेव्हापासून माझा नियम: फ्युमिगेशन झालेल्या जहाजावर दोघांना एकदम मळमळ, डोकेदुखी किंवा धाप लागली, तर आधी सगळ्यांना उघड्या डेकवर आणायचं, मग मीटर, मग स्वयंपाकघर.

धुरी नसली तरी होल्डकडे जाणारी शिडीची विहीर घातक असते. गहू ऑक्सिजन खातो. बाहेर 20.9 टक्के असताना त्या विहिरीत माणूस तीन पायऱ्या उतरून कोसळण्याइतका कमी असू शकतो. सोलासने 2016 च्या जुलैपासून मोजण्याचं यंत्र जहाजावर बंधनकारक केलं, बंदिस्त जागेची कवायत दर दोन महिन्यांनी आहे. तरी बळी जातात, आणि त्यातला दुसरा बळी बहुतेक वेळा पहिल्याला वाचवायला उतरलेला मित्र असतो. प्रत्येक बुबी हॅचला (होल्डमध्ये उतरायच्या छोट्या झाकणाला) कुलूप लाव, किल्ली स्वतःकडे ठेव. सारंगाला (खलाशांच्या मुकादमाला) मान दे, पण किल्ली देऊ नकोस.

माझे वडील मुंबई गोदीत होते. पीएल-480 या अन्नमदतीचा अमेरिकन गहू जहाजातून उतरून पोत्यात भरला जायचा तो काळ. ते म्हणायचे, होल्डच्या ढिगावर उभं राहताना कुणी चप्पल घालत नसे. आम्ही आता बूट घालतो, घालायलाच हवेत. पण उतरवताना त्या ढिगावर माणूस जाऊ देताना त्यांची आठवण ठेव. चितगावच्या बाहेरच्या अँकरेजवर लाइटर (माल उतरवून घेणारी छोटी जहाजं) लागतील, ग्रॅबने (क्रेनच्या पंजाने) खड्डा पडेल, वरून कुणी कडेला उभा असेल. ग्रॅब किंवा सक्शन चालू असताना गहू फनेलसारखा खाली ओढतो, माणूस काही सेकंदांत कमरेपर्यंत जातो आणि मग चार जणांनी दोरीने ओढूनही निघत नाही. ढिगावर माणूस असेल तर यंत्र बंद. मजुरांच्या मुकादमाला हे पहिल्याच पाळीला, दुभाष्यामार्फत का होईना, समोर उभं राहून सांग.

त्याआधी अर्थातच होल्ड गॅसमुक्त असल्याचा दाखला हवा, तोही तिथल्या अधिकृत माणसाकडून, प्रत्येक होल्डचा वेगळा. कव्हर उघडल्यावर पहिल्यांदा गोळ्यांच्या पिशव्या बाहेर काढून घे. मोजून काढ. जितक्या टाकल्या तितक्या आल्या पाहिजेत. त्यातल्या राखेत थोडा गॅस उरलेला असतो, थंडीत भरलेल्या मालात तर नक्कीच. ती राख बंद पिशवीत किंवा बादलीत गोळा करून ठेवलीस आणि तिला पाणी लागलं तर पेट घेते. फ्युमिगेटरने लिहून दिलेल्या पद्धतीनेच तिची विल्हेवाट लाव.

बिल्जची साउंडिंग (मोजलेली पाण्याची पातळी), टाक्यांची तापमानं, गॅसची वाचनं, व्हेंटच्या नोंदी हे सगळं रोजच्या रोज लिहीत जा, आणि हॅच बंद करतानाचे, झाडलेल्या नाळेचे, सीलचे फोटो तारखेसह ठेव. चितगावला ढिगाच्या वर ओला पट्टा निघाला आणि दावा आला, तर कंपनीकडे तुझ्या बाजूने बोलायला हेच असेल.

कॉन्स्टान्झाला पोहोचण्याआधी शिपरचा स्टोवेज फॅक्टर आणि तुझ्या बुकलेटमधले तिसऱ्या होल्डचे आकडे मला लिहून पाठव. स्लॅक होल्ड कुठला ठेवायचा, ते आपण दोघं मिळून काढू.